एका तक्रारीने इंग्लंडमधलं शिक्षकाचं करिअर संपतं का?

तू लिहिलंयस की बीएड झालंय, शाळेत फिजिक्स शिकवतेस, इंग्लंडमध्ये क्यूटीएससाठी, म्हणजे तिथल्या पात्र शिक्षकाच्या अधिकृत दर्जासाठी, अर्ज करायचाय, पण तिथल्या टीआरए या शिक्षकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी एजन्सीने शिक्षकांवर आजन्म बंदी घातल्याच्या बातम्या घरच्यांनी वाचल्या आणि आता बाबा म्हणतायत, परक्या देशात एखाद्या पालकाने रागात तक्रार केली तर सगळंच जायचं, त्यापेक्षा नकोच ते. साहजिक आहे गं, कोणालाही धडकी भरेल. पण हे काम नेमकं कसं चालतं ते आधी नीट बघ आणि मग ठरव, कारण नुसत्या बातमीच्या हेडिंगवरून एवढा मोठा निर्णय घ्यायचा नसतो.

टीआरए म्हणजे टीचिंग रेग्युलेशन एजन्सी. इंग्लंडच्या शिक्षण खात्याचीच एजन्सी आहे, एप्रिल 2018 पासून. बाबांना पहिली गोष्ट ही सांग की ती फक्त गंभीर गैरवर्तन बघते. शिकवणं कच्चं आहे, वर्ग आवरत नाही, पालकांशी आवाज चढला, मार्कांवरून वाद झाला, हे सगळं शाळा आपल्या पातळीवर मिटवते, टीआरएकडे गेलं तरी ते म्हणतात हे आमचं काम नाही. तक्रार कोणीही करू शकतं, पालकसुद्धा, पण पालकाला आधी शाळेच्याच तक्रार प्रक्रियेतून जायला सांगतात. टीआरएकडे शाळेकडून, पोलिसांकडूनही प्रकरणं येतात. शाळेने गंभीर गैरवर्तनासाठी कोणाला काढलं, तर ते टीआरएला कळवायचं का याचा विचार करणं शाळेवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि इथे बरेच जण फसतात, कारण त्यांना वाटतं आपणच आधी राजीनामा दिला की विषय संपला. नाही संपत. राजीनामा दिला नसता तर काढलंच असतं अशी परिस्थिती असेल तर तोच नियम लागू होतो.

तक्रार आली की आधी छाननी होते, बरीच प्रकरणं तिथेच किंवा चौकशीनंतर बंद होतात. पुढे गेलं तर तीन जणांचं पॅनेल बसतं, त्यात निदान एक जण शिक्षकी पेशातला आणि निदान एक जण त्या पेशाबाहेरचा असावाच लागतो, कायद्याचं सांगायला वेगळा वकील असतो. सुनावणी शक्यतो खुली असते. शिक्षकाने सगळं कबूल केलं असेल तर सुनावणीशिवाय नुसत्या मीटिंगमध्येही निकाल लागू शकतो. पुरावा मात्र फौजदारी कोर्टाइतका कडक लागत नाही, घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त वाटली तरी पुरतं, त्यामुळे पोलिसांनी केस सोडून दिली म्हणजे इथेही सुटलो असं धरून चालू नकोस. पॅनेल फक्त शिफारस करतं, शेवटचा निर्णय शिक्षणमंत्र्यांच्या वतीने एक वरिष्ठ अधिकारी घेतो.

आता खरी जड गोष्ट. इंग्लंडमध्ये मधली शिक्षाच नाही. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये वेगळ्या संस्था आहेत, तिथे समज देऊन सोडता येतं, अटी घालता येतात. इंग्लंडमध्ये गैरवर्तन सिद्ध झालं की एकतर निकाल जाहीर करून तेवढ्यावर थांबायचं, नाहीतर बंदी. बंदी आजन्मच असते, काही प्रकरणांत किमान दोन वर्षांनी ती उठवायचा अर्ज करायची मुभा देतात, पण लैंगिक गैरवर्तनासारख्या गोष्टीत बहुतेकदा तीही नसते. हायकोर्टात अपील करायला 28 दिवस मिळतात. मला स्वतःला हे 'सगळं किंवा काहीच नाही' पटत नाही, चूक कबूल करून सुधारणाऱ्या माणसासाठी मधला रस्ता असायला हवा होता. आणि वेळ फार लागतो, वर्ष-वर्ष आणि त्याहून जास्त, तेवढा काळ माणूस टांगणीला, त्याची नोकरी आणि झोप दोन्ही गेलेली, त्याबद्दल खरंच वाईट वाटतं.

म्हणून तुला करायच्या गोष्टी सांगते. तिथे रुजू होतानाच युनियनची मेंबर हो, एनईयू किंवा एनएएसयूडब्ल्यूटी, कारण भानगड झाल्यावर मेंबर झालीस तर जुन्या प्रकरणात ते सहसा मदत करत नाहीत. विद्यार्थ्यांशी पर्सनल नंबरवरून व्हॉट्सअॅप, इन्स्टावर फॉलो करणं, असलं काहीही नको, तू आत्ता वर्गाच्या ग्रुपवर रात्री अकराला डाउट सोडवतेस ते कौतुकाचंच आहे पण तिथे तेच तुझ्या अंगाशी येईल, शाळेचा ईमेल आणि शाळेचीच सिस्टीम वापर. परीक्षेच्या कामात मुलांना उत्तर सुचवणं, कोर्सवर्क दुरुस्त करून देणं, अर्जात आधीच्या नोकरीबद्दल खोटं लिहिणं, यावरूनही बंदी आलेली आहे, म्हणजे फक्त मुलांना त्रास दिला तरच असं समजू नकोस. आणि कधी टीआरएचं पत्र आलंच तर ते ड्रॉवरमध्ये टाकून ठेवायचं नाही, मुदतीत उत्तर द्यायचं, युनियनला सांगून. तू गेली नाहीस तरी सुनावणी होऊ शकते, आणि आपण काय केलं, त्याचा मुलांवर काय परिणाम झाला हे माणसाला कळलंय का, हे पॅनेल फार बघतं, गप्प राहिलीस तर ते त्यांना कळणार कसं.

एक राहिलं, विद्यार्थ्याने गुन्ह्याचा आरोप केला म्हणून लगेच तुझं नाव पेपरात येईल ही बाबांची भीती. त्याच शाळेच्या विद्यार्थ्याने शिक्षकावर गुन्ह्याचा आरोप केला तर चार्ज लागेपर्यंत किंवा मंत्र्यांच्या वतीने निकाल जाहीर होईपर्यंत शिक्षकाची ओळख छापायला इंग्लंडमध्ये कायद्याने मनाई आहे, 2012 पासून.

अर्ज कर. त्याआधी टीआरएचे जाहीर निकाल सरकारी साइटवर आहेत, त्यातले चार-पाच पूर्ण वाच आणि बाबांनाही वाचायला दे, कशावरून बंदी येते आणि कशावरून येत नाही ते त्यांना तिथेच दिसेल.