टोरांटोत वकिली करायची, तर आधी एलएल.एम. की आधी सनद?

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.नंतर ठाण्यातील महाविद्यालयात तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षाअखेर तिचे लग्न असून होणारे जावई टोरांटोजवळ नोकरी करतात. तिथे एलएल.एम. केले की वकिली करता येते, असे एका सल्लागाराने सांगितले. त्यासाठी कर्ज काढावे का? वकिलीला तिथले नागरिकत्व लागते का? – एक पालक, कळवा

उत्तर : केवळ एलएल.एम.वर कॅनडात वकिलीचा परवाना मिळत नाही, हे आधी सांगतो, कारण आपल्या कर्जाचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. परदेशी पदवी तपासण्याचे काम तेथील लॉ सोसायट्यांच्या, म्हणजे वकिलांना परवाना देणाऱ्या प्रांतवार संस्थांच्या, महासंघाची 'नॅशनल कमिटी ऑन ॲक्रेडिटेशन', म्हणजे एनसीए, करते. अभ्यासक्रमाचा कालावधी, शिकलेले विषय, गुण आणि शिक्षण वर्गात झाले की दूरस्थ पद्धतीने, हे पाहून ती अर्जदाराला कोणते विषय पुरे करायचे ते कळवते. आपला कायदा कॉमन लॉच्या, म्हणजे न्यायालयांच्या निवाड्यांतून घडलेल्या इंग्रजी कायद्याच्या, परंपरेतला असल्याने करार किंवा टॉर्टचा (नुकसानभरपाईस पात्र दिवाणी अपकृत्यांचा) अभ्यास वाया जाणार नाही. मात्र कॅनडाचे संविधान, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, तेथील कायद्याची मूलतत्त्वे आणि वकिलाची व्यावसायिक जबाबदारी हे पाच विषय कोणालाच चुकत नाहीत. या परीक्षा ऑनलाइन असल्याने कळव्यातूनही देता येतात. त्यांत पुस्तके जवळ ठेवता येतात, म्हणून त्या सोप्या असतील असे मात्र समजू नये. हेच विषय शिकवणारे एलएल.एम. तिथे आहे आणि ज्याला वर्गात बसून शिकायचे आहे त्याला ते उपयोगी पडते. पण आपल्या सल्लागाराने नेमके तेच सुचवले आहे का, हे विषयांची यादी मागवून तपासावे.

एनसीएचे प्रमाणपत्र मिळाल्यावर ऑन्टारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, बॅरिस्टर आणि सॉलिसिटर अशा दोन परीक्षा आणि साधारण आठ ते दहा महिन्यांचे आर्टिकलिंग, म्हणजे परवानाधारक वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, असते. नवख्या माणसाची खरी दमछाक होते ती आर्टिकलिंगची जागा मिळवताना. म्हणूनच माझे मत असे की, निकाल लागताच मुलीने बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद (वकील म्हणून नोंदणी) घ्यावी, अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी आणि ठाणे जिल्हा न्यायालयात एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे वर्षभर खरोखरीचे काम करावे. कॉमन लॉच्या देशातील किमान दहा महिन्यांच्या वकिलीच्या आधारे आर्टिकलिंगमधून सूट मागता येते, आणि तेव्हा वकीलपत्रांवरचे तिचे नाव व ज्येष्ठांचे कामाचे तपशीलवार पत्र उपयोगी पडते. लग्नाची तारीख थोडी पुढे नेता आली तर बरे, पण तो आपल्या घरातला प्रश्न आहे.

नागरिकत्वाची काळजी करू नये. ब्रिटिश कोलंबियात वकिलीसाठी असलेली ती अट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच अँड्र्यूज खटल्यात रद्द ठरवली. वास्तव्य आणि कामाचा परवाना हा विषय निराळा. क्युबेक प्रांताची कायदापद्धती मात्र वेगळी असल्याने एनसीएचा मार्ग तिथे चालत नाही.

गुणपत्रके विद्यापीठाकडून थेट एनसीएकडे जावी लागतात, तेव्हा निकालानंतर कलिन्याला मुंबई विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टसाठी (सर्व सत्रांच्या अधिकृत गुणपत्रकासाठी) लगेच अर्ज करावा. लग्नानंतर आडनाव बदलायचे असल्यास हा अर्ज आधीच उरकलेला बरा. नाहीतर पदवी एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, आणि विवाह प्रमाणपत्र प्रत्येक टप्प्यावर जोडावे लागेल.