प्रोटीन पावडरने चेतापेशी सुधारत नाहीत

आरएनए (जनुकातली प्रथिनाची कृती पेशीत पोचवणारा रेणू) आणि प्रथिनांबद्दल कुठे काही छापून आलं की तेच तेच प्रश्न येतात. त्यांतले पाच इथे घेतो.

प्र. : मोटर न्यूरॉन आजारात (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात तो) पेशींची प्रथिननिर्मिती बिघडते म्हणे. वडिलांना प्रोटीन पावडर वाढवू का? (फोंडा)

उ. : तेवढ्यासाठी नको. खाल्लेलं प्रथिन आतड्यात पचून अमिनो आम्लं होतात. वजन घटत असेल, घास अडकत असेल तर स्पीच थेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञांना दाखवा.

प्र. : मग बिघडतं काय? (म्हापसा)

उ. : पाठीच्या कण्यातून पायाकडे जाणारा चेतातंतू जवळजवळ एक मीटरचा. केंद्रकात बनलेला संदेशवाहक आरएनए कायनेसिनसारखी प्रथिनं सूक्ष्मनलिकांवरून टोकाकडे ओढून नेतात आणि काही प्रथिनं तिथेच बनतात. बाजारात माल भरपूर असला तरी फेरीबोट बंद असेल तर दिवाडी बेटावर काय पोचणार? एएलएसच्या (मोटर न्यूरॉन आजाराचा मुख्य प्रकार) बहुतेक रुग्णांत टीडीपी-४३ हे आरएनए हाताळणारं प्रथिन केंद्रकातून बाहेर पडून गुठळ्या करतं. हे २००६ मध्ये कळलं.

प्र. : पापणी सारखी फडफडते. हा तोच आजार का? (मडगाव)

उ. : नुसती फडफड असेल तर बहुधा नाही. अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग खपाटीला गेला असेल, किल्ली फिरवता येत नसेल, तर मात्र मानेचा मणका म्हणून शेकत बसू नका. न्यूरॉलॉजिस्टना दाखवून ईएमजी (स्नायूंतल्या विद्युत संकेतांची तपासणी) करा.

प्र. : एका क्लिनिकने स्टेम सेलचं (मूळपेशींचं) ‘पॅकेज’ सांगितलंय. (वास्को)

उ. : पैसे भरू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या आजारात स्टेम सेल फक्त ट्रायलमध्ये देता येतात. सीटीआरआयचा (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा, म्हणजे पॅकेज किती खरं ते कळेल.

प्र. : मुलगी सात महिन्यांची, मान धरत नाही. आजी म्हणते, आमच्यात सगळी उशिराच. (डिचोली)

उ. : आजीचा मान ठेवा, पण सल्ला ऐकू नका. चौथ्या महिन्यापर्यंत मान सावरायला हवी. पाय बेडकासारखे ढिले पडलेले, जीभ थरथरणारी, श्वास घेताना छाती आत आणि पोट बाहेर, डोळे मात्र तरतरीत, असं असेल तर एसएमएची (मोटर न्यूरॉन मरत जाण्याचा आनुवंशिक आजार) शंका घ्यायचीच. यात एसएमएन१ जनुक गेलेला असतो. त्याचं प्रथिन आरएनएची कापणी-जोडणी करणारी यंत्रणा उभारतं आणि तंतूच्या टोकाकडे आरएनए नेण्यातही त्याचा हात असतो. राखीव जनुक एसएमएन२ आहे, पण त्याच्या बहुतेक आरएनएतून सातवा एक्झॉन (कृतीचा एक तुकडा) गळतो. न्यूसिनर्सेन आणि रिस्डिप्लाम ही औषधं तोच तुकडा राखायला लावतात. पहिलं कमरेतून मणक्यात इंजेक्शनने, ०, १४, २८, ६३ व्या दिवशी आणि मग दर चार महिन्यांनी. दुसरं रोज तोंडाने. पण मेलेली पेशी कुठल्याच औषधाने परत येत नाही, म्हणून ‘वर्षाची होऊ दे, मग बघू’ हे वाक्य मला ऐकवत नाही. याच आठवड्यात बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) बालरोग विभागात जा आणि रक्ताची एमएलपीए जनुकचाचणी करता येईल का ते विचारा. मदतीसाठी राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली अर्ज करायलाही निदान लागतंच. निदान पक्कं झालं तर पुढच्या गर्भाआधी आईवडील दोघांची वाहक-तपासणी (स्वतः आजारी नसून बिघडलेला जनुक आहे का ती) आणि जनुकीय समुपदेशन करून घ्या. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला २५ टक्के धोका असतो.