ब्रश कटरच्या क्रँककेसमध्ये गंजून बसलेलं ६२०२ बेअरिंग कसं काढावं?

तुम्ही लिहिलंय की ५२ सीसीचा टू-स्ट्रोक ग्रास कटर गेल्या बेणणीनंतर वर्षभर पडवीत पडून होता. आता उघडला तर क्रँककेसमधलं, म्हणजे ज्या अॅल्युमिनियमच्या घरात इंजिनाचा क्रँक (फिरणारा दांडा) बसतो त्यातलं, बेअरिंग गंजून घट्ट बसलंय, आतल्या बाजूने हातोडीचे घाव घालूनही हलत नाही, आणि पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) जवळ नाही.

आधी हातोडी खाली ठेवा. तुम्ही बहुधा उलट्या दिशेने ठोकताय.

या इंजिनांची केस मधोमध दोन तुकड्यांत उघडते. बेअरिंग आतून बसवलेलं असतं आणि बाहेरून ऑइल सील, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी. त्या दोघांच्या मध्ये अॅल्युमिनियमची एक बारीक कड असते, बेअरिंग तिला टेकून बसतं. आतून ठोकलं की सगळा मार त्या कडेवर जातो. मी हे पुस्तकातलं सांगत नाही. पहिल्या मशीनवर मीही असंच ठोकलं होतं, आणि नखाएवढा कपचा तुटून हातात आला. दीडशे रुपयांच्या बेअरिंगपायी अख्खी केस बदलावी लागली.

म्हणून आधी बाहेरच्या बाजूचं सील स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढा. ते फाटलं तरी चालेल, नाहीतरी नवीनच घालायचंय. मग टॉर्च मारून नीट बघा, काही केसमध्ये बेअरिंग सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडवलेलं असतं. गंजाच्या थराखाली ती क्लिप दिसत नाही आणि माणूस तासभर घाम गाळत बसतो. क्लिप असेल तर काढा, मग बेअरिंगच्या कडेने डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) मारून रात्रभर ठेवा.

दुसऱ्या दिवशी खरं काम उष्णता करते. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ६२०२ चा बाहेरचा व्यास ३५ मिमी. केस १०० अंशांनी तापवली तर तेवढं भोक साधारण ०.०८ मिमीने मोठं होतं आणि बेअरिंग फक्त ०.०४ ने. उरलेली ०.०४ मिमीची फट ऐकायला काहीच नाही, पण हा घट्टपणा मुळात शतांश मिलिमीटरमध्येच मोजायचा असतो, त्यामुळे तेवढी पुष्कळ झाली.

तापवण्याआधी केस धुऊन पूर्ण कोरडी करा, आत पेट्रोलचा वासही राहता कामा नये. घरात ओटीजी असेल तर १३० अंशांवर वीस मिनिटं. नसेल तर जुन्या जाड तव्यावर केस ठेवून मंद आच द्या, अधूनमधून फिरवत राहा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चरचरून उडाला की झालं. (तवा भाकरीचा घेऊ नका. का, ते मला विचारू नका.) गॅस-टॉर्चची ज्योत एकाच जागी धरायची नाही, केस वाकते आणि मग दोन तुकडे पुन्हा नीट मिळत नाहीत.

आता चामड्याचे हातमोजे घालून केस उचला, बेअरिंगची बाजू खाली करून लाकडाच्या ठोकळ्यावर पालथी आपटा. सपाट आपटायची, कोपऱ्यावर नाही. बऱ्याचदा एवढ्यानेच बेअरिंग ‘टक्’ करून लाकडावर पडतं. नाही पडलं तर बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना ठोकळे देऊन केस टेकवा आणि सीलच्या भोकातून, आतल्या रिंगवर बसेल अशी गोटी-पान्याची गोटी (सॉकेट) ठेवून हलके ठोके द्या. आतल्या रिंगवर मार बसला की बेअरिंग कामातून जातं, पण हे तर टाकायचंच आहे. केस गार झाली की थांबा, पुन्हा तापवा. तीन वेळा तापवायला लागलं तरी घाई करू नका.

कधी छर्रे आणि आतली रिंग निघून येते आणि बाहेरची रिंग केसमध्येच राहते. मग वेल्डिंगवाल्याकडे जा. रिंगच्या आतल्या अंगाने दोन-तीन टाके मारून घ्यायचे. वेल्ड गार होताना रिंग आकसते आणि हाताने निघते. वेल्डिंगची अर्थिंग मात्र रिंगलाच लावायला सांगा.

बेअरिंग केसऐवजी क्रँकवर अडकून आलं असेल तर गोष्ट वेगळी. या क्रँकचे भाग दाबून जोडलेले असतात. टोकावर हातोडी मारली की तो वाकडा होतो, डोळ्याला दिसतही नाही, आणि मशीन थरथरत नवीन बेअरिंगही खातं. तिथे पुलर भाड्याने आणा किंवा सरळ मेकॅनिककडे द्या. मी स्वतः क्रँकवरचं बेअरिंग घरी काढत नाही.

नवीन बेअरिंग घेताना ६२०२ च्या पुढे सी-३ लिहिलेलं मागा. त्यात छर्ऱ्यांना थोडी जास्त मोकळीक असते, गरम चालणाऱ्या इंजिनाला ती लागते. ते पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, केस पुन्हा तापवा, सरळ धरून सोडा. आपसूक जागेवर बसतं. ठोकावंच लागलं तर यावेळी फक्त बाहेरच्या रिंगवर.

तुम्ही आधीच ठोकलंय, म्हणून नवीन बेअरिंग घालण्यापूर्वी त्या कडेला चीर गेली नाही ना ते पाहा. रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा, वरून खडूची पूड भुरभुरवा. चीर असेल तर रॉकेल बाहेर येऊन पुडीत ओली रेघ उमटते. चीर आरपार असेल तर ती केस वापरू नका. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण केसमधूनच जातं. तिथून बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पिस्टन चिकटतो.