गांधीलमाश्या बघून पोट भरतं का? (आणि तुमचे बाकीचे प्रश्न)

मागच्या अंकात बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या राघवेंद्र गदगकरांवर एक छोटं टिपण दिलं होतं. चाळीस वर्षं एकाच जातीच्या गांधीलमाशीचा अभ्यास करणारा माणूस, आणि या माशीची राणी दादागिरी करत नाही हे त्याने दाखवलं, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय. पत्रं काटछाट करून छापतेय आणि नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न: ताई, माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, झूलॉजी. तिला मुंग्या-माश्यांच्या वागण्यावरच रिसर्च करायचाय. घरातले सगळे म्हणतात बायोटेक घे, लॅबमध्ये निदान नोकरी तरी लागेल. माश्या बघत बसून कुणाचं पोट भरलंय का हो? (एक आई, सांगली)

गदगकरांचं भरलं. पण गंमत म्हणजे त्यांचीही सुरुवात तुमच्या घरच्यांना आवडेल अशीच होती. जन्म १९५३ चा, कानपूरचा, शिक्षण बंगळूरला सेंट्रल कॉलेजात, बीएस्सी-एमएस्सी झूलॉजी. कॉलेजच्या खिडक्यांना गांधीलमाश्यांची पोळी असायची, ती बघायचा नाद तिथेच लागला. तरी पीएचडी केली ती मॉलिक्युलर बायोलॉजीत, बॅक्टेरियाला गाठणाऱ्या एका विषाणूवर, ती १९७९ ला संपली. म्हणजे पोटापाण्याला रेणू आणि फावल्या वेळात माश्या. पीएचडी हातात आल्यावर मात्र त्यांनी सरळ उलटापालट केली, माश्याच पोटापाण्याच्या केल्या.

लोक याला वेडेपणा म्हणतील, मला तो अतिशय व्यवहारी निर्णय वाटतो. त्या काळी आपल्याकडे मॉलिक्युलर बायोलॉजी करायची म्हणजे बरंच सामान परदेशातून मागवा आणि येईपर्यंत वाट बघत बसा, आणि तोवर तोच प्रयोग तिकडचा कुणीतरी करून मोकळा. माशी मात्र इथलीच, पोळं खिडकीला, लागतं काय तर वही, पेन्सिल, घड्याळ आणि मांडी घालून बसायची तयारी, आणि रोपॅलिडिया मार्जिनाटा (हीच ती गांधीलमाशी) या जातीबद्दल तेव्हा फार काही माहीतही नव्हतं म्हणजे मैदान मोकळं. माणसंही बरोबर भेटली. आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डहून परत येऊन त्याच इन्स्टिट्यूटमध्ये होते, १९८३ ला तिथे सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस सुरू झालं आणि पुढचं बहुतेक काम तिथेच झालं. १९९३ ला विज्ञानातला भटनागर पुरस्कार, २०१४ ते २०१६ इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमीचे अध्यक्ष. म्हणजे नातेवाईकांना सांगायला पुरेसं आहे.

आता खरं सांगायचं तर या विषयात जागा कमी आहेत, पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात, नंतर पोस्टडॉक (म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची जागा), मग कुठे प्राध्यापकी, तेव्हा गदगकरांचं झालं म्हणून सगळ्यांचं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. मुलीला आत्ताच वाद घालायला लावू नका. देशातल्या तिन्ही सायन्स अकॅडम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची रिसर्च फेलोशिप देतात, तिला अर्ज करायला लावा. दोन महिने रोज कीटकांसमोर बसून तिला कंटाळा आला तर प्रश्नच मिटला, आणि नाही आला तर घरच्यांनी ऐकून घ्यावं. बायोटेकचं दार त्याने बंद होत नाही.

प्रश्न: मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. राणी सगळ्यांना धाकात ठेवते म्हणून कामकरी माश्या अंडी घालत नाहीत, असंच सांगत आलो. तुम्ही लिहिता राणी गरीब असते. मग राज्य चालतं कसं? जरा विस्ताराने लिहावे. (निवृत्त शिक्षक, चिपळूण)

सर, तुम्ही सांगत होतात ते बऱ्याच जातींत खरं आहे. याच माशीची एक बहीण-जात आहे, रोपॅलिडिया सायथिफॉर्मिस, तिच्यातली राणी मारकुटीच असते. म्हणून तर मार्जिनाटाचं नवल.

या माशीत राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच असतात, मधमाशीसारखी राणी वेगळी ओळखू येत नाही, आणि जवळपास कुठलीही मादी राणी होऊ शकते. गदगकर आणि त्यांचे सहकारी एन. व्ही. जोशी यांनी एकेक माशी दिवसभरात किती वेळ काय करते याची नोंद ठेवली, आकडेमोड केली, आणि १९८३ ला छापलं की माश्यांचे तीन गट पडतात: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर जाऊन अन्न आणणाऱ्या. राणी भांडणाऱ्यांत असेल असं कुणालाही वाटलं असतं, ती निघाली बसणाऱ्यांत! आणि तरी अंडी एकटी तीच घालते.

मग बाकीच्या गप्प का? एक उत्तर वासाचं आहे. राणीच्या पोटातल्या एका ग्रंथीतून एक रसायन येतं, ती पोटाचं टोक पोळ्यावर घासत फिरते आणि त्यावरून बाकीच्यांना कळतं की बाई घरात आहेत. राणी काढून घेतली तर साधारण अर्ध्या तासात त्यांच्या ते लक्षात येतं. मग एक कामकरी एकदम पिसाळल्यासारखी सगळ्यांवर धावून जायला लागते. राणी परत ठेवली की ही निमूट कामाला. नाही ठेवली तर आठवडाभरात ही अंडी घालायला लागते आणि मारकुटेपणाही सोडून देते.

खरी मजा पुढे आहे. ही वारस कोण असणार हे राणी असताना आपल्याला काही केल्या ओळखता येत नाही, सगळ्यात भांडकुदळ तीच असं नाही, सगळ्यात वयस्कर तीच असंही नाही. मग प्रश्न आला की माश्यांना तरी माहीत असतं का? माशीला विचारणार कसं? गदगकर आणि त्यांची विद्यार्थिनी अनिंदिता भद्रा यांनी काय केलं, पोळ्याचे दोन भाग करून मध्ये जाळी लावली, माश्या दोन्हीकडे वाटल्या, राणी एकीकडे. बिनराणीच्या बाजूला एक वारस उभी राहिली. मग राणी आणि ही वारस यांच्या जागा बदलल्या. वारस सगळ्यांनी आधीच मनात ठरवलेली असेल तर पलीकडच्यांनीही तिला मानलं पाहिजे, आणि ती खरी वारस नसेल तर खरी आता पुढे येईल. आठ वेळा केलं. तीन वेळा पहिलीलाच दोन्हीकडून मान्यता, पाच वेळा दुसरी उभी राहिली आणि मग तिला दोन्हीकडून मान्यता. तिसरी एकदाही आली नाही, आणि मानलेल्या वारसाला कुणी एक फटकासुद्धा मारला नाही. २००८ ला हे छापून आलं. पुढे २०१२ च्या पेपरात राणीमागून एकेक वारस काढत गेले, तर पाचव्या नंबरापर्यंत रांग शांतपणे पुढे सरकताना दिसली. मला विचाराल तर जाळीच्या या प्रयोगाइतकं सुंदर काम मी फार कमी वाचलंय, आणि खर्च जाळीचा.

मग मारामारी असते ती कशासाठी, असं विचाराल. ती बरीचशी कामकऱ्यांची आपापसात, अन्न आणायला जा म्हणून. पोळ्याला वरून भरपूर खायला दिलं की ती कमी होते. म्हणजे राज्य राणी चालवतच नाही, खालच्या खालीच चालतं.

राहिला मुद्दा की कामकरी स्वतःचं घर का थाटत नाही. काही थाटतातही. पण अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण दोन महिने लागतात आणि एकटी मादी मध्येच मेली तर सगळं गेलं. गटात अर्धं काम करून मेली तरी उरलेलं दुसऱ्या पुरं करतात, म्हणजे तिच्या कष्टाचं काहीतरी पदरात पडतंच. हा युक्तिवाद गदगकरांनी १९९० मध्ये मांडला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. नुसतं बहिणी-बहिणींचं रक्ताचं नातं म्हणून भागत नव्हतं, कारण राणी एकापेक्षा जास्त नरांशी जुगते, त्यामुळे बहिणी वाटतात तितक्या जवळच्या नसतात.

प्रश्न: सगळ्या माश्या सारख्या दिसतात तर कुठली कुठली हे कसं कळतं? आणि नर काय करतात? (इयत्ता आठवी, जालना)

लवकर वाळणाऱ्या रंगाचे बारीक ठिपके माशीच्या अंगावर देतात, प्रत्येकीला वेगळी रंगजोडी. मग वहीत लाल-पिवळी, निळी-पांढरी अशी नावं. तू तुझ्या शाळेतल्या मुंगळ्यांवर करून बघ, माश्यांवर नको. नर आठवडाभरात पोळं सोडून जातात ते परत येत नाहीत, आणि असतात तोवर काही काम करत नाहीत. पण प्रयोगात पोळ्यावर माद्याच ठेवल्या नाहीत आणि खाणं आयतं दिलं, तर नरांनीही अळ्यांना भरवलं. घरी सांग हे.

प्रश्न: करदात्यांच्या पैशातून चाळीस वर्षं माश्या बघितल्या. देशाला उपयोग काय? (एक वाचक, नाशिक)

माश्या पिकांवरच्या अळ्या खातात वगैरे सांगून मी वेळ मारून नेऊ शकते, पण हे काम त्यासाठी केलेलंच नाही, तेव्हा ते उत्तर खोटं होईल. समाज कसा तयार होतो, एखादा जीव स्वतःची पोरं सोडून दुसऱ्याची का वाढवतो, हे कळावं म्हणून केलंय. तुम्हाला ते पुरेसं वाटत नसेल तर आपलं जमणार नाही. पैशाचं म्हणाल तर महागडी यंत्रं लागत नाहीत हाच तर गदगकरांचा आयुष्यभराचा मुद्दा, २०२१ ला त्यांनी अशाच स्वस्तातल्या प्रयोगांवर पुस्तक लिहिलंय, ते इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या साइटवर फुकट आहे.

प्रश्न: मी आयटीत आहे, वय ३४, हिंजवडी. नोकरी सोडून हे करणं शक्य नाही. वीकेंडला काही करता येईल का, की लॅब नसेल तर कुणी विचारतच नाही? (एक वाचक, पुणे)

तुमच्याच गावचं उदाहरण घ्या की. गरवारे कॉलेजात मिलिंद वाटवे शिकवायचे, त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन वेडा राघू बघितला. हा पक्षी मातीच्या कडेत बीळ करून राहतो. माणूस जवळ असला की बिळात शिरायला बिचकतो हे कुणीही सांगेल. यांनी माणूस तितक्याच अंतरावर पण दोन वेगळ्या जागी उभा केला, एका जागेवरून बीळ दिसतं आणि दुसऱ्या जागेवरून दिसत नाही. बीळ दिसणाऱ्या जागी माणूस असला तर पक्षी जास्त बिचकायचा! म्हणजे समोरच्याला काय दिसतंय याचा काहीतरी अंदाज त्याला आहे. २००२ ला हे आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आलं, सामान म्हणाल तर दुर्बीण आणि वही. आणि पक्षी नको असतील तर कुत्री आहेतच, वर आलेल्या अनिंदिता भद्रा आता कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम करतात. तुमच्या सोसायटीत दोन्ही असतील. एकच प्रश्न घ्या, रोज तीच वेळ, तीच जागा, आणि जे दिसलं तेवढंच लिहा, का झालं असेल ते दुसऱ्या पानावर.

प्रश्न: सगळं छान आहे पण आमच्या गॅलरीत पोळं झालंय, काय करू? (गृहिणी, ठाणे)

हाताच्या उंचीवर, दरवाज्यावर किंवा पाळण्याजवळ असेल, किंवा घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल, तर माणूस बोलावून काढून टाका, रॉकेल-बिकेल घेऊन स्वतः जाऊ नका. वर कोपऱ्यात असेल आणि तुम्ही धक्का देत नसाल तर राहू द्या. आणि सांगलीच्या त्या मुलीला कळवायचं असेल तर पत्ता माझ्याकडे आहे, मी पोचवते.