तुम्ही कुणाला सांगितलंत का?

‘ताई, इमारतीत कुणाला काही झालं की मी धावते. शेजारच्या आजोबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या, खालच्या मजल्यावरच्या मुलीच्या बाळासाठी जागरणं, सगळं केलं. गेल्या महिन्यात माझा पाय मोडला. चार जण दारातून विचारपूस करून गेले, बस. नवरा म्हणतो, आता तरी शहाणी हो. चांगुलपणाने माणसं बदलतात हे खोटंच का? – थकलेली शेजारीण’

तुमचा राग मला पटतो. पण तुमच्या पत्रात ‘मी अमुक एकाला काम सांगितलं आणि त्याने नाही म्हटलं’ असं वाक्य कुठेच नाही. दारात आलेल्यांना तुम्ही काय म्हणालात? ‘काही नको, ठीक आहे मी.’ हो ना?

इतकी वर्षं तुम्ही देणाऱ्या आणि बाकी सगळे घेणारे, अशी वाटणी होऊन बसली आहे. तुम्हालाही काही लागत असेल, हे त्यांना सुचतच नाही. शिवाय उपकारांचं ओझं असतं ते वेगळंच. (जिन्यात नजर चुकवणारा माणूस दर वेळी कृतघ्न असतो असं नाही, कधीकधी तो नुसता अवघडलेला असतो.)

अठराव्या शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनला विधिमंडळातला एक सदस्य पाण्यात पाहत होता. फ्रँकलिनने त्याची खुशामत केली नाही. त्याच्याकडचं एक दुर्मिळ पुस्तक वाचायला मागितलं आणि आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं. पुढे दोघांची मैत्री झाली. म्हणजे माणूस बदलला तो काही मिळाल्यामुळे नव्हे, त्याला देता आलं म्हणून. फ्लिन आणि लेक या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडे मदत मागायला पाठवलं होतं. किती जण होकार देतील, याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. आपण उगाच नकार धरून चालतो.

तेव्हा मागा. ‘जमलं तर या’ असं मोघम नको. ‘उद्या पाच वाजता औषधं आणून देशील का?’ असं स्पष्ट विचारा. कुणी नाही म्हणेल, म्हणू दे. जो वारंवार फक्त घेतच राहील, त्याच्यासाठी पुढच्या वेळी धावला नाहीत तरी चालेल. एवढा स्वार्थ मी तुम्हाला माफ करते. आणि शहाणपण शिकवणाऱ्या नवऱ्याकडे रात्रीची भांडी सोपवा.

सुरुवात मात्र आजोबांपासून करा. दुपारी तुम्ही झोपता तेव्हा कुणी आलं तर निरोप घेऊन ठेवणं त्यांना सहज जमेल. बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी काम सांगितलेलं नसणार.