वाचक विचारतात : घरात दुडदुडणारं मूल आणि नाताळचं झाड

प्रश्न : पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो. थोरलीच्या हट्टापायी दरवर्षी पाच फुटी प्लास्टिकचं झाड लावतो. यंदा धाकटा दीड वर्षाचा आहे, हाताला येईल ते ओढतो. झाड लावूच नये का? की भोवती कुंपण घालावं?

उत्तर : लावा, पण कुंपण नको. मूल त्यालाच धरून उभं राहतं आणि ढकलत ढकलत झाडावर नेतं. 'हात लावू नको' यावरही भिस्त ठेवू नका. या वयात 'नको' कळतं, हात आवरणं जमत नाही.

झाड पडतं ते फांदीचं टोक खाली ओढल्यामुळे. स्टँडचे पाय आखूड, फांद्या त्यांच्या बाहेर आलेल्या, त्यामुळे थोड्या जोरानेही तोल जातो. झाड खोलीच्या कोपऱ्यात ठेवा आणि जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर मधल्या दांड्याला तंगूस (मासे पकडायचा नायलॉनचा धागा) बांधून दोन बाजूंना, इंग्रजी व्ही आकारात, मागे ताणून घ्या. एक टोक खिडकीच्या ग्रिलला, दुसरं भिंतीतल्या हुकाला. हुक भिंतीतल्या भोकात ठोकलेल्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये बसवा. जुन्या चिऱ्याच्या भिंतीचा गिलावा भुसभुशीत असतो, त्यात नुसता खिळा टिकत नाही. तंगूसाची गाठ आपोआप सरकते, म्हणून तीन-चार वेढे देऊन मगच आवळा. सैल दोरी मुलाच्या गळ्याशी येऊ शकते, तेव्हा ती ताठ आणि झाडामागेच हवी.

एक गोष्ट हमखास चुकते. बहुतेक झाडांचा दांडा दोन-तीन तुकड्यांचा असतो. दोरी खालच्या तुकड्याला बांधली तर खालचा भाग जागच्या जागी राहतो आणि वरचा शेंडा उपसून अंगावर येतो. दोरी सांध्याच्या वर बांधा आणि सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळा.

बुडाशी वजन हवं. जुन्या जीन्सचा पाय कापून एक टोक शिवा, कोरडी वाळू भरा, दुसरं टोकही शिवून टाका. अशा दोन-दोन किलोंच्या थैल्या स्टँडच्या प्रत्येक पायावर ठेवा. वाळू समुद्रकाठची नको. तिच्यातलं मीठ दमटपणा ओढतं आणि लोखंडी पाय गंजतात. सगळं झालं की मुलाच्या उंचीची फांदी धरून स्वतः एक सणसणीत हिसका द्या. जे काही व्हायचं ते तेव्हाच कळू द्या.

दीड वर्षाचं मूल साधारण ८० सेंमी उंच असतं, टाचा उंचावून हात वर केला की एक मीटरपर्यंत पोचतं. तेवढ्या भागात फक्त लोकरीचे गोंडे, कापडी तारे, जाड पुठ्ठ्याचे मासे. काचेचे गोळे, घंटा, तारेचे हुक वर. जवळ सोफा किंवा स्टूल असेल तर हा सगळा हिशेब फुकट. टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती मुलाच्या घशात अडकू शकते, असं धरून चाला.

झाड फार जुनं असेल तर या वर्षी ते लावूच नका. जुन्या पीव्हीसीत शिशाची संयुगं वापरली जात, आणि सुयांसारखी पानं झडून नेमक्या रांगत्या हातांना सापडतात.

प्रश्न : दिव्यांची माळ विजेवरची घ्यावी की सेलवरची? विजेची भीती वाटते. (मडगाव)

उत्तर : भीती रास्त आहे, पण सेलवरची म्हणजे निर्धोक असंही नाही. बाजारातल्या स्वस्त माळेला बारीक टू-पिन आणि पुढे दिव्यांचा खेळ बदलणारी छोटी डबी असते. ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतोच. दिवे एलईडी असले तरी तारेत घरातली वीज थेट फिरते आणि मूल तार चावतं. प्लगपाशी अॅडॅप्टर असलेली, त्यावर 'आउटपुट' ५, १२ किंवा २४ व्होल्ट लिहिलेली माळ घ्या. अॅडॅप्टरचा सॉकेट जमिनीलगत नको, कपाटामागे किंवा वर असावा. घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्टचं बटण दाबून तपासा.

सेलवरची घ्यायची तर पेन्सिल सेलची, आणि झाकण स्क्रूने बंद होणारी. गाणारा सांता, लुकलुकता तारा, वाजणारं शुभेच्छापत्र यांत बटण सेल असतात. ते घरात आणूच नका. ओल्या अन्ननलिकेत अडकलेल्या सेलमधून वीज वाहते, ऋण बाजूला क्षार तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजतं. लाळ गळणं, खोकला, खायला नकार दिसेल, नाहीतर काहीच दिसणार नाही. नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या, आणि 'बटण सेल' हे शब्द आधी सांगा. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो, फक्त कडेला दुहेरी वर्तुळ असतं. उलटी काढू नका, खायला-प्यायला देऊ नका. अपवाद एकच : मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, सेल गिळून बारा तास झालेले नसतील आणि गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा. मध शोधण्यासाठी मात्र निघायला उशीर नको. सेल नाकात किंवा कानात गेला तरी तितकीच घाई, फक्त तेव्हा मधाचा प्रश्न नाही.

प्रश्न : प्लास्टिकऐवजी सुरूची फांदी कशी? (म्हापसा)

उत्तर : सुरेख दिसते, पण आठवडाभरच. २३ डिसेंबरच्या आधी आणू नका. ज्याला आपण पानं म्हणतो त्या पेरांच्या काड्या आहेत, वाळल्या की पेरापेराने तुटतात. खाली चादर, दोनदा झाडू. पाण्याच्या बादलीत उभी करू नका. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं. ओल्या वाळूत रोवा, मेणबत्ती दूर. किनाऱ्यावरच्या बनातून मात्र तोडू नका, ती झाडं वाळू धरून ठेवतात. तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत, झाड हवं असेल तर नर्सरीतलं कुंडीतलं 'ख्रिसमस ट्री' बरं. कुंडीच्या मातीवर खताचे रंगीत दाणे असतात, मुलाला त्या गोळ्या वाटतात. ते काढून वर मुठीएवढे गोटे रचा.

प्रश्न : शेजारच्या आजीने गोठा (येशूजन्माचा देखावा) करायला मातीची चित्रं, म्हणजे छोट्या मूर्ती, दिली आहेत. कुठे मांडू?

उत्तर : कपाटावर. गोठ्यासाठी नाचणी आठ-दहा दिवस आधी थाळीत पेरा. एक वेगळी थाळी खाली, मुलाच्या हाताशी ठेवा. ती त्याने उपटायचीच.