जागेत पैसे घालून चार वर्षं झाली, भाव हलत नाही. अजून किती दम धरायचा?

'दम धरा, जागा कधी दगा देत नाही' असली उत्तरं इथे येतीलच, म्हणून ती यायच्या आत लिहून टाकतो. 'दम धरा' हे दोन शब्द मी गेली पंधरा वर्षं माझ्या साडूंच्या तोंडून ऐकतोय.

आम्ही दोघांनी एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एकाच आठवड्यात फ्लॅट घेतले. राहायला नाही, गुंतवणूक म्हणून. भाव तोच, कर्जही तसंच: 20 टक्के पदरचे, बाकी 80 टक्के 20 वर्षांच्या मुदतीने, 9 टक्क्यांनी. चार वर्षं भाव जागचा हलला नाही, अगदी तुमच्यासारखंच. मग माझी नोकरी गेली. राहत्या घराचा हप्ता होताच, त्यात भाडेकरूही त्याच सुमारास सोडून गेला. सात महिने कसेबसे ओढले आणि पाचव्या वर्षाच्या शेवटी खरेदीच्याच भावात फ्लॅट विकून मोकळा झालो. तोवर 60 हप्ते भरले होते. मुद्दल किती फिटलं असेल? जेमतेम 11 टक्के. सुरुवातीच्या हप्त्यांत बहुतेक व्याजच असतं हे काय मला माहीत नव्हतं? तरी बँकेचा कागद हातात आला तेव्हा बेरीज तीनदा तपासली. मुद्रांक शुल्क आणि दलाली गेली ती वेगळीच.

साडूंनी ठेवला. नवव्या वर्षी जवळून मोठा रस्ता गेला, तीन वर्षांत भाव दुप्पट झाला आणि आज, 20 वर्षांनी, चौपट आहे. त्यामुळे प्रत्येक भेटीत, चारचौघांत: "थोडा दम धरायला हवा होता हो तुम्ही!"

त्यांच्या घरात दोन पगार होते आणि दुसरं कर्ज नव्हतं. भाडेकरू त्यांचाही गेला होता, पण रिकामा फ्लॅट वर्षभर पोसायची त्यांची ऐपत होती. त्याला ते धीर म्हणतात, म्हणोत.

आणि चौपटीचं एवढं काय? सरासरीने दहा वर्षांत दुप्पट, पुढच्या दहांत पुन्हा दुप्पट. दुप्पट व्हायला लागलेल्या वर्षांनी 72 ला भागलं की वर्षाची वाढ साधारण कळते; 72 ला 10 ने भागा, वर्षाला 7.2 टक्के. त्यातून देखभाल, कर, दर भाडेकरूमागे रंगरंगोटी वजा करा. मी चिडून बरंच वाचलंय यावर. ॲमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाच्या कालव्यावरच्या घरांच्या किमतींचा 1628 ते 1973 असा अभ्यास झालाय. महागाई वजा केल्यावर साडेतीनशे वर्षांत किंमत साधारण दुप्पट! जपानमध्ये 1991 नंतर जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरतच राहिले. तिथल्यांनी काय कमी दम धरला होता?

तुमच्यापुरतं सांगायचं तर चार वर्षं हा काही काळच नव्हे. वाढतो तो जमिनीचा भाव, इमारत फक्त जुनी होते. तेव्हा तुमच्या वाट्याला जमीन किती येते आणि आजूबाजूला खरोखर काही होऊ घातलंय का, ते बघा. होणार असेल आणि भाड्याशिवाय वर्षभर हप्ता झेपणार असेल तर ठेवा. नाहीतर गळ्याशी यायच्या आत विका. माझ्यासारखं अडल्यावर विकायला गेलात तर समोरच्याला ते लगेच कळतं.

एक राहिलं. वरचा 7.2 टक्क्यांचा हिशेब पूर्ण किमतीवरचा आहे. साडूंना वर्षानुवर्षं आलेलं भाडं त्यात धरलेलं नाही, तसंच कर्जाचं 9 टक्के व्याजही. भाडं चांगलं आलं असेल तर त्यांना खरा परतावा याहून जास्त पडला असणार. हे मी त्यांच्यासमोर कधी मोजलेलं नाही.

तुमचा हप्ता पगाराच्या किती टक्के, ते प्रश्नात लिहिलेलंच नाही. ते आधी लिहा.